जुनी फटफटी घरी आणण्यापूर्वी

समोरच्या बिऱ्हाडातली सूनबाई परवा दुपारी आमच्याकडे आली, ती भिशीचे पाकीट हातात घेऊनच. "काकू, हे उद्या गाडी घ्यायची म्हणतायत. जुनीच आहे, पण अगदी नव्यासारखी चकचकीत. पैसे माझ्या भिशीचे. देऊन टाकू ना?"

मी विचारले, "तू पाहिलीस का गाडी?"

"मला मेलीला त्यातलं काय कळतंय? इंजिनाचं पुरुषमाणसं बघतील."

मैत्रिणींनो, मंडईत पाव किलो वांगी घेताना आपण प्रत्येक वांगे उलटून देठ पाहतो. नारळ कानाशी धरून हलवतो. साडीचा रंग जातो की काय म्हणून काठ ओला करून पाहतो. मग वर्षभर एकेक हप्ता भरून साठवलेले पैसे ज्या वस्तूत जायचे, ती न बघताच 'देऊन टाकू' कसे म्हणायचे? शिवाय त्या गाडीवर पुढे एक जण बसतो आणि मागे बसायचे असते आपल्याला. मध्ये लेकरू दाबून धरायचे, एका हातात पिशवी सांभाळायची. गाडी दगा देते तेव्हा पहिली पडते ती मागची. आपल्यातल्या कित्येक जणी आता स्वतः स्कूटर चालवतात, त्यांना यातले थोडेफार ठाऊक असेलच. ज्यांना नसेल त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते.

आधी कोणती गाडी, ते थोडक्यात. खिशाला परवडणारी म्हणजे बहुधा १०० सी.सी.च्या आसपासची साधी मोटारसायकल. स्प्लेंडर १९९४ साली आली तेव्हा कंपनी हिरो होंडा होती, २०११ साली ती हिरो मोटोकॉर्प झाली. गाडीचे नाव मात्र टिकून आहे. बजाजची प्लॅटिना त्याच वर्गातली. या गाड्या तालुक्याच्या गावातला कोणताही मिस्त्री उघडतो आणि सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, हा त्यांचा सर्वांत मोठा गुण. एक भेद तेवढा लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२०पासून बी.एस.-६चा नियम आला आणि यातल्या बऱ्याच गाड्यांतला कार्बोरेटर जाऊन तिथे फ्युएल इंजेक्शन आले. त्याआधीची गाडी किकवर आणि चोकवर कशीबशी तरी सुरू होते. नंतरचीला बॅटरी सशक्त लागते.

आता गाडी पाहायला जाण्याची वेळ. सकाळी लवकर जायचे, आणि विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवायचे की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. यात सगळी मेख आहे. तापलेले इंजिन लबाड असते. गरम झाल्यावर रोगट गाडीही एका किकेत सुरू होते आणि गोड आवाज करते. थंड इंजिनाला सोंग आणता येत नाही. म्हणून पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे इंजिनाच्या पाकळ्यांजवळ हात न्यायचा, टेकवायचा नाही. ऊब लागली तर कोणी तरी गाडी आधीच तापवून ठेवली आहे. खुशाल चहा घ्या, गप्पा मारा, आणि 'उद्या येतो' म्हणून उठा. संकोच कसला? पैसे आपले आहेत.

गाडी जिथे रात्रभर उभी होती, ती जागाही पाहून घ्या. फरशीवर तेलाचा काळा ठिपका असेल तर इंजिन गळते आहे. विकणारा इंजिन पुसून लख्ख करतो, फरशी पुसायचे त्याच्या लक्षात राहत नाही.

सुरू करायला लावा. दोन-चार किका लागल्या, चोक ओढावा लागला तर थंडीत तेवढे चालायचेच. दहा किका मारून घाम फुटला तर कारण विचारावे लागेल. सुरू झाल्यावर सायलेन्सरच्या मागे, पण बाजूला उभ्या राहा. सकाळच्या गारव्यात पांढरी वाफ आली, दोन थेंब पाणी टपकले तर घाबरू नका, ते विरून जाते. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळते आहे. एअर फिल्टर तुंबला असेल किंवा कार्बोरेटर साफ करायचा असेल, खर्च किरकोळ. मात्र निळसर धूर आणि कढईत तेल करपल्यासारखा वास आला तर सावध व्हा. इंजिन ऑइल जळते आहे. सुरू करताना क्षणभर निळा धूर आला आणि थांबला, तर बहुधा व्हॉल्व्हची सीले गेलेली असतात. गाडी रेस केल्यावर सतत निळा येत असेल तर पिस्टन, रिंगा, बोअर यांचे काम निघाले. इंजिन उघडायचे म्हणजे काही हजारांची बात, आणि गाडी चार दिवस गॅरेजात.

या ऑइलचे एक गणित ध्यानात घ्या. १०० सी.सी.च्या गाडीत बदलताना जेमतेम ९०० मिलिलीटर ऑइल बसते, म्हणून तर त्याची बाटलीही ९०० मिलिलीटरची मिळते. सव्वादोनशे मिलिलीटर जळून गेले की पाव हिस्सा संपला! डाळीत पाणी आटल्यावर ती तळाला लागते, तसे इंजिन आतल्या आत लागत जाते आणि बाहेर काही दिसत नाही. तेव्हा इंजिन बंद करून, गाडी सरळ उभी करून, ऑइलची काडी काढायला सांगा. ऑइल काळे असले तर फार बिघडत नाही, काम करून ते काळेच होते. काडीच्या टोकालाच जेमतेम लागले असेल तर मालकाने हेळसांड केली आहे. चहात दूध घातल्यासारखे गढूळ दिसले तर पाणी शिरले आहे. आणि मधासारखे स्वच्छ, नवेकोरे, नेहमीपेक्षा घट्ट वाटले तर? आमच्या गल्लीतला मिस्त्री सांगतो की आवाज आणि धूर दोन दिवस दबून राहावेत म्हणून घट्ट ऑइल भरायची युक्ती काही जण करतात. अशा वेळी ऑइल कधी बदलले, पावती आहे का, हे विचारावे.

आवाजाचे मात्र आपल्याला कोणी शिकवायला नको. शिलाई मशीनला तेल हवे आहे हे जिला आवाजावरून कळते, तिला इंजिनही कळेल. हळू चालू ठेवलेल्या गाडीतून एकसारखी बारीक टिकटिक येत असेल तर टॅपेट जुळवून घेतले की भागते. पण डब्यात साखळी हलवावी तशी खडखड डाव्या बाजूने येत असेल तर टायमिंग चेन सैल झाली आहे. जुन्या १०० सी.सी.च्या गाड्यांचा हा नेहमीचा आजार. 'अहो, सगळ्या गाड्यांचा असाच आवाज येतो' असे विकणारा म्हणेल. शेजारी तशीच दुसरी गाडी उभी असेल तर ती सुरू करून दाखवा म्हणावे.

चालवून पाहणे हे परवाना असलेल्या माणसाचे काम. यजमान चालवतील, नाही तर ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा. त्याला दोन-तीनशे द्यावे लागले तरी महाग नाही. सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळला की गाडी पुढे ओढली गेली पाहिजे. इंजिन नुसतेच ओरडते आणि वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच प्लेटा झिजल्या. मिक्सरचा कपलर घासला की मोटर घुंई करते आणि भांड्यातली चटणी आहे तिथेच राहते, अगदी तसेच. गिअर टाकलेला आपोआप सुटतो का, हेही पाहावे. तो दोष गिअरपेटीचा, आणि मला विचाराल तर अशी गाडी तिथेच सोडावी.

खरी परीक्षा मात्र डबलसीट. यात आपला मान पहिला, आणि नेमके हेच कोणी करीत नाही! एकटा माणूस चक्कर मारून येतो आणि 'मस्त आहे' म्हणतो. तुम्ही मागे बसा. खड्ड्यावरून जाताना मागचा शॉकअप खाली आदळून 'ठक्' वाजतो का? ब्रेक दाबल्यावर दोघांच्या वजनाने गाडी पुढेपुढे जाते का? वळताना मागचे चाक शेपूट हलवल्यासारखे लचकते का? तसे लचकत असेल तर गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक दोन्ही हातांनी आडवे हलवून पाहा. खटखट लागली तर बेअरिंग नाही तर मागच्या फोर्कचा बुश गेलेला असतो. काम फार मोठे नाही, पण तसेच चालवणे धोक्याचे.

उतरल्यावर आपली बाजू नीट पाहा. मागचे पायदान वाकडे असेल तर गाडी त्या अंगावर पडलेली आहे. धरायची कडी घट्ट आहे का? सायलेन्सरवरची पत्र्याची झाकणी जागेवर आहे का? ती नसली की पोटरीला चटका ठरलेला. आणि साडी गार्ड! हौशी पोरे गाडी घेतल्या घेतल्या तो काढून टाकतात, दिसायला बरे म्हणून. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला १२३वा नियम मागे बसणाऱ्यांसाठीच आहे. धरायला कडी, पाय ठेवायला पायदान, आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण हवे, असे तो सांगतो. माझ्या लग्नानंतरची पहिली गाडी अशीच बिनगार्डची होती. एका दसऱ्याला सोने द्यायला निघालो आणि पदराचे टोक चाकाने ओढले. वेग नव्हता म्हणून फक्त साडी गेली, मानेवर लाल वळ आठ दिवस राहिला. त्या दिवसापासून मी कुणाचीही गाडी पाहिली की आधी डावीकडून चाक पाहते. हल्ली ओढणीवाल्या मुलींनाही तोच धोका.

ब्रेक, टायर, चेन या झिजणाऱ्या वस्तू आहेत. त्या झिजल्या म्हणून गाडी वाईट ठरत नाही, पण किमतीतून खर्च वजा व्हायला हवा. मागच्या ब्रेकच्या सळईचे नट शेवटपर्यंत आवळलेले असेल तर लायनर संपले समजा. चेन मागच्या चक्रावर मधोमध धरून मागे ओढा. चक्राचा दात दिसण्याइतकी ती सुटली, किंवा दात करवतीसारखे टोकदार होऊन एका अंगाला कलले असतील, तर चेन आणि दोन्ही चक्रे एकदमच बदलावी लागतात. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. गाडी 'कालपरवाची' आणि टायर सहा वर्षांचा, किंवा गाडी पाच हजार किलोमीटर चाललेली आणि टायर आधीच दुसरा, असे आढळले तर मीटरवर विश्वास ठेवू नका. मीटर बदलता येते. पाच आकड्यांचे असेल तर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यापासून मोजायलाही लागते. ब्रेकपॅडलचे आणि पायदानांचे रबर, मुठी आणि सीट हे जास्त खरे बोलतात.

पुढच्या चमकत्या नळ्यांकडे वाका. पुढचा ब्रेक धरून हँडल आठ-दहा वेळा जोराने खाली दाबायला लावा आणि मग नळीवरून बोट फिरवा. तेल लागले तर शॉकअपची सीले गेली. बोट आधी फिरवू नका, तेल पुसलेले असते. पुढचे चाक अधांतरी करून हँडल अगदी सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. पंख्याच्या रेग्युलेटरसारखा मधोमध 'खट्ट' अडकला तर कोनसेट झिजला. अशी गाडी सरळ रस्त्यावरही धरून ठेवावी लागते. तारांची चाके असतील तर एकेका तारेवर पेन्सिल टिचकवत जा. सगळ्या सारख्या वाजल्या पाहिजेत, एखादी भद्द वाजली तर ती सैल.

किल्ली फिरवल्यावर हॉर्न जोरात वाजावा. हॉर्न रडका आणि इंडिकेटर मिणमिणता म्हणजे बॅटरी गेली. इंजेक्शनच्या गाडीत मीटरवर इंजिनाच्या चित्राचा एक दिवा असतो. किल्ली फिरवताच तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. विझलाच नाही तर दोष आहे. मुळात लागलाच नाही तर दोष कुणी तरी लपवला असण्याचा संभव जास्त.

पुराच्या गाड्यांबद्दल वेगळे सांगायला हवे. २०१९च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूर आणि २०२१च्या जुलैत चिपळूण-महाड पाण्याखाली गेले, तेव्हा दारातल्या किती गाड्या बुडाल्या त्याला गणती नाही. बुडालेली गाडी धुऊन, रंगवून दुसऱ्या जिल्ह्यात विकता येते. इंजिन दुरुस्त होते, पण वायरींचे सांधे आतून हिरवे पडतात आणि मग दिवा आज लागतो, उद्या लागत नाही. पावसात गाडी भर चौकात बंद पडते. सीट उचलून खालच्या कोपऱ्यांत बोट घाला. वाळलेला बारीक गाळ हाताला लागला, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ दिसली, मीटरच्या काचेआड बुरशीसारखे डाग दिसले, की समजावे. नवा रंग पाहून भाळू नये. भिंतीला ओल आली की आधी चुना फासणारे घरमालक आपण पाहिलेच आहेत.

पेट्रोलच्या टाकीत टॉर्च मारून पाहा. तांबूस गंज दिसला तर तो पुढे कार्बोरेटरमध्ये नाही तर पंपात जाऊन बसणार. आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते पाणी ओढून घेते. म्हणून फार दिवस नुसती उभी असलेली गाडी आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या जरा जास्त बारकाईने तपासाव्यात.

कागदपत्रे. इथे 'होईल हो नंतर' चालू द्यायचे नाही. आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर एकच आहे ना, हे आकडा-आकडा जुळवून पाहावे. नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल घासली की छाप उमटतो. आकड्यांच्या आसपास घासल्याच्या खुणा असल्या तर व्यवहार तिथेच थांबवा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, ती कधी संपते ते पाहा, कारण पुढे नव्याने नोंदणी आणि पर्यावरण कर तुमच्या माथी येईल. थकलेली ई-चलाने नंबर घालून पाहता येतात. १ एप्रिल २०१९पूर्वी नोंदलेली गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, तेही विचारा.

आता विम्याचे, आणि हे जरा दोनदा वाचा. पुष्कळ जण जुन्या गाडीला फक्त थर्ड पार्टी विमा काढतात, स्वस्त पडतो म्हणून. गाडी आपल्याच चुकीने घसरली आणि मागे बसलेलीला लागले, तर या साध्या विम्यात तिची भरपाई कंपनीवर येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका निकालात तसे म्हटले आहे. 'थर्ड पार्टी' म्हणजे तिसरे माणूस, आणि आपण त्यात नाही! तेव्हा पॅकेज पॉलिसी घ्या आणि मागे बसणाऱ्यांसाठीचे अपघात संरक्षण त्यात आहे ना, हे एजंटाला वाचून दाखवायला सांगा. जुन्या मालकाची पॉलिसी चालू असेल तर १४ दिवसांत ती आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज करा.

पैसे माझे तर नाव माझे का नको, असे सूनबाईने विचारलेच. प्रश्न रास्त आहे. मी म्हटले, जरूर घाल, पण हे माहीत असू दे की विम्यातले १५ लाखांचे सक्तीचे अपघात संरक्षण गाडीच्या मालकासाठी असते, आणि तेही त्याच्याकडे परवाना असेल तरच. नाव तुझे, परवाना नाही, आणि रोज चालवणार नवरा, असे झाले तर त्या संरक्षणाचा उपयोग दोघांनाही नाही. त्याच्यासाठी वेगळी अपघात पॉलिसी काढ, नाही तर तू परवाना काढ. ती हसली. पण हसून झाल्यावर फॉर्म कुठे मिळतो, हेही विचारून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिघेजण गेले. ती, यजमान आणि मिस्त्री. चकचकीत गाडीचे इंजिन गरमच होते. ते परत आले, विकणारा जरा रागावला म्हणे. पुढच्या आठवड्यात एका शिक्षकांची धुळीने माखलेली गाडी पाहिली. रंग उडालेला, सीट फाटलेली, पण गॅरेजच्या पावत्या पिशवीत नीट लावून ठेवलेल्या आणि थंड गाडी तिसऱ्या किकेला सुरू. चेन आणि मागचे लायनर संपले होते, साडी गार्ड नव्हता. तेवढे पैसे तिने घासाघीस करून कमी करून घेतले, भांडी घेताना करते तसे.

घेतल्यावरच्या पहिल्या आठवड्यात, कोणी काहीही सांगो, इंजिन ऑइल बदला, एअर फिल्टर आणि प्लग पाहून घ्या, चेन साफ करून तेल द्या, केबली तपासा. हा खर्च गाडीच्या किमतीतच धरून ठेवायचा, म्हणजे वाणसामानाच्या पैशांना हात लागत नाही. घरातल्या जमाखर्चाच्या वहीत गाडीसाठी एक पान राखा; कोणत्या तारखेला किती किलोमीटरवर ऑइल बदलले, पेट्रोल किती भरले. अॅव्हरेज एकाएकी उतरले तर ते त्या पानावर आधी दिसेल, गॅरेजात नंतर. हेल्मेट दोन घ्या, आय.एस.आय.चा शिक्का पाहून. कायदा मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. चार वर्षांखालचे मूल असेल तर त्याला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा लागतो आणि वेग ताशी ४०च्या वर नको.

सूनबाईची गाडी परवा गॅरेजातून आली. साडी गार्ड बसल्याशिवाय ती मागे बसलीच नाही, दोन दिवस शाळेत चालत गेली.